वास घे, पिऊ नकोस

शीर्षक वाचून रेक्टर मॅडमच्या भुवया वर गेल्या असतील, तर मॅडम, आधी लेख पूर्ण वाचा, मग मला ऑफिसात बोलवा. ह्यात जे काही घडलं ते आपल्या हॉस्टेलपासून सात-साडेसात हजार किलोमीटर लांब, इंग्लंडमध्ये घडलं. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्हीसुद्धा "रेसिपी दे ना" म्हणत मला मेसमध्ये गाठू नका. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू बनवणं हा त्यात सरळसरळ गुन्हा आहे, आणि हॉस्टेलच्या नियमांबद्दल तर बोलायलाच नको. इथे इलेक्ट्रिक किटली सापडली तरी जप्त होते!

दुसरी गोष्ट भाषेची. मी कॉन्व्हेंटमधली. मराठी घरात बोलायची, शाळेत फक्त पेपरपुरती लिहायची. तेव्हा जिथे शब्द सापडला नाही तिथे जो तोंडात आला तो लिहिलाय. चालवून घ्या.

तर, २०२४ च्या जूनमध्ये, परीक्षा आटोपल्यावर मामाने मला तिकीट पाठवलं. मामा मँचेस्टरजवळ सेल नावाच्या गावात राहतो. (हो, गावाचंच नाव सेल. माझी रूममेट अजून हसते.) मामी तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. मामा सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ते पोटापाण्याचं. त्याचा जीव असतो गॅरेजमध्ये, कारण तिथे तो बिअर बनवतो. मामीने स्पष्ट सांगितलंय, "माझ्या किचनमध्ये ते उकळायचं नाही." म्हणून गॅरेज.

इंग्लंडमध्ये ह्यात लपवण्यासारखं काही नाही. तिथेही पूर्वी घरी बिअर करायला लायसन्स लागायचं. १९६३ मध्ये तिथल्या अर्थमंत्र्यांनी, रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी, ते काढून टाकलं. आता स्वतःसाठी कितीही करा, फक्त विकायची नाही. आपल्याकडे लोक जसे गच्चीवर गुलाब लावतात आणि मग गुलाबवाल्यांची मंडळं होतात, तसे तिथे घरी बिअर करणाऱ्यांचे क्लब आहेत. मामाच्या क्लबचं एक दिवसाचं संमेलन होतं. शनिवारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. बाहेरून चार-पाच जाणकार शिकवायला येणार होते. मामा म्हणाला, "तू इंजिनियर ना? चल. बोअर झालीस तर कॅनॉलच्या कडेने फिरून ये."

मी आईला फोनवर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, "जायचंय तर जा. वास घे, पिऊ नकोस."

आमच्या घरात दारू हा विषय बोलायचा नाही. आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, इचलकरंजीत मागावर कामाला होते. ते दारूपायी गेले, आई तेव्हा कॉलेजात होती आणि मामा नववीत. एवढंच मला माहीत होतं. लग्नाकार्यात कुणी बाटली उघडली की आई शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जाते, हे लहानपणापासून बघितलेलं. मामा बिअर बनवतो हे आईला माहीत होतं, मामाला ते तिला माहीत आहे हे माहीत होतं, आणि दोघं त्यावर एक अक्षर बोलत नव्हते. दर रविवारी तासभर व्हिडिओ कॉल चालायचा. गॅरेज सोडून सगळं घर कॅमेऱ्यात यायचं.

असो. संमेलनाकडे वळते.

हॉलमध्ये तीसेक माणसं. माझ्या डोक्यात चित्र होतं की लाल नाकाचे, मोठमोठ्याने हसणारे काका असतील. निघाले आपल्या प्रॅक्टिकलच्या बॅचसारखे! प्रत्येकाच्या हातात वही. कोणी थर्मामीटर घेऊन आलेला, कोणी पी.एच. मीटर, एक बाई चक्क मायक्रोस्कोप घेऊन. वयं पंचविशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत. मी सर्वांत लहान आणि एकटी साडेपाच फुटांखालची.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे माझ्यासारख्यांसाठी) थोडक्यात. जव भिजवून, मोड आणून वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तसंच. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ते गोड पाणी गाळून हॉप्सची फुलं टाकून तासभर उकळायचं, फुलांनी कडवटपणा येतो. मग थंड करून यीस्ट घालायचं, म्हणजे विरजण लावायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड देतं. झालं. एवढं तर डब्यावरच्या सूचना वाचूनही जमतं. तीस माणसं शनिवार घालवून आली होती ती ह्याच्या पुढचं शिकायला.

पहिलं सत्र तापमानावर होतं आणि ते ऐकताना मला घरी आल्यासारखं वाटलं. गरम पाण्यात माल्ट घातलं की मिश्रण ६२ ते ७२ अंश सेल्सियसच्या मध्ये कुठेतरी राहायला हवं. खालच्या बाजूला, ६२-६५ ला, एक एन्झाइम जोरात काम करतं आणि यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते, बिअर हलकी, कोरडी लागते. वरच्या बाजूला, ७० च्या आसपास, दुसऱ्याची चलती, मग न पचणारी साखर उरते आणि बिअर दाट लागते. दोन-तीन अंशांचा फरक, पण जिभेला कळतो. आता गणित: माल्ट ५ किलो, २० अंशांवर. पाणी १३ लिटर. मिश्रण ६७ अंशांवर हवंय. पाणी किती अंशांचं घ्यायचं? माल्टची उष्णताधारकता पाण्याच्या साधारण ०.४ पट धरा. शिकवणाऱ्या काकांनी विचारलं आणि मी वहीच्या मागे हीट बॅलन्स मांडून सांगितलं, "सेव्हंटी फोर." फर्स्ट इयरला जी गोष्ट पासिंगपुरती शिकले ती कुणाच्या तरी शनिवारी उपयोगी पडली! मामाने सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माय नीस. मेकॅनिकल."

मग काकांनी विचारलं, ह्या गावात कोण पुरलंय ते माहीत आहे का? मला नव्हतं. जूल! आपला ज्यूल, जूल, जे काय म्हणतो तो. जेम्स प्रेस्कॉट जूल हा ब्रुअरीवाल्या घरातला, जन्म १८१८ चा, सॅलफर्डचा. ना कुठे प्रोफेसर, ना कसली नोकरी. घरची ब्रुअरी सांभाळत त्याने उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचा हिशोब जुळवला. पाण्यात पंखा फिरवून पाणी किती तापतं हे मोजायचं म्हणजे अंशाचे अगदी बारीक तुकडे वाचता यायला हवेत. तो फॅरनहाइट अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत वाचतो म्हणाला तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही. पण थर्मामीटर हा ब्रुअरीवाल्याच्या रोजच्या हातातला होता. १८८९ मध्ये तो सेलमध्येच वारला. दुसऱ्या दिवशी मी मामाला घेऊन ब्रुकलंड्सच्या दफनभूमीत गेले. थडग्यावर नावासोबत एक आकडा कोरलाय: ७७२.५५. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती फूट-पौंड काम लागतं, तो त्याने १८७८ मध्ये काढलेला आकडा. आज आपण ७७८ धरतो. म्हणजे एक टक्क्याचीही चूक नाही. आमच्या लॅबमध्ये दहा टक्क्यांच्या आत आलं तर आम्ही पार्टी करतो.

आपल्या सिलॅबसमधली आणखी किती माणसं ब्रुअरीतून आलीत हे मला त्या दिवशी कळलं. पी.एच. ची कल्पना सोरेनसनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. आणि स्टॅटिस्टिक्समधली ती 'स्टुडंट्स टी-टेस्ट'? मला इतकी वर्षं वाटायचं की ती विद्यार्थ्यांच्या छळासाठी आहे म्हणून तसं नाव आहे. 'स्टुडंट' हे विल्यम गॉसेटचं टोपणनाव. तो डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता आणि त्याने तो पेपर १९०८ मध्ये ह्या नावाने छापला.

पाण्याचं सत्र एका उंच दाढीवाल्या काकांचं. मँचेस्टरचं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांतून येतं, अगदी मृदू. आंघोळ करताना साबण निघता निघत नाही. उलट बर्टन-अपॉन-ट्रेंट नावाचं गाव आहे, तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली फिक्या रंगाची कडू बिअर एकोणिसाव्या शतकात जगभर गेली, आपल्याकडच्या गोऱ्या साहेबांसाठीसुद्धा. मृदू पाण्यात तशी चव हवी असेल तर जिप्सम मोजून टाकायचं: १० लिटरला १ ग्रॅम टाकलं की सल्फेट लिटरमागे साधारण ५६ मिलिग्रॅमने वाढतं. सल्फेटने कडवटपणा धारदार होतो, क्लोराइडने गोलाई येते. काकांनी एकाच बिअरच्या दोन ग्लासांत दोन वेगळे क्षार चिमूटभर टाकून फिरवले, सगळे चाखून माना डोलवत होते. मी आपली वास घेत बसले. वासाला फरक शून्य. इथे मला शपथेचा थोडा राग आला, खरं सांगते.

यीस्टवाल्या बाई मात्र माझ्या सगळ्यांत आवडत्या. सत्तरीच्या, केस पांढरेशुभ्र, आधी कुठल्याशा लॅबमध्ये होत्या. त्यांचं पहिलंच वाक्य (माझ्या मराठीत): "बिअर तुम्ही करत नाही, यीस्ट करतं. तुम्ही फक्त भांडी घासता." भांडी घासण्यावर त्या वीस मिनिटं बोलल्या. घासणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. डाग राहिला असेल तर औषध ओतून उपयोग नाही, जंतू डागाच्या आत बसून राहतात. मला माझी वडिलांकडची आजी आठवली. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावला तर ती जी बोलायची, त्याचं इंग्रजी भाषांतर म्हणजे ह्या बाई.

मग मायक्रोस्कोप. काचेच्या स्लाइडवर बारीक चौकटी आखलेल्या असतात, त्यावर यीस्टचा थेंब आणि मिथिलीन ब्लू. जिवंत पेशी तो रंग आत येताच मोडून टाकते आणि बिनरंगी राहते. मेलेलीला ते जमत नाही, ती निळी. मोजायचं: शंभरातल्या किती निळ्या. मी मोजल्या, सात. म्हणजे ९३ टक्के जिवंत. मग त्यावरून गुणाकार करत जायचं. २३ लिटरच्या एका साध्या घाण्याला, विशिष्ट घनता १.०५० असेल तर, साधारण २१ हजार कोटी पेशी लागतात. कमी पडल्या तर त्या दमतात, नको ते वास सोडतात. पाकीट कापून अंदाजे भुरभुरवणारे आणि मोजून घालणारे, इथेच वेगळे होतात. मी आय-पीसवरून डोळा काढला तर बाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "यू हॅव पेशन्स." आमच्या एकाही व्हायवात मला हे कोणी म्हटलेलं नाही.

जेवण म्हणजे चीज सँडविच आणि चिप्स. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

दुपारी खरी गंमत. एका लांब टेबलावर दहा ग्लास, सगळ्यांत एकच साधी बिअर, पण प्रत्येकात एकेक 'दोष' मुद्दाम मिसळलेला. वास घ्यायचा आणि ओळखायचा. दोषांची नावं केमिस्ट्रीतली, पण ओळखायची घरातल्या वासांनी. तिथल्या लोकांचं घर वेगळं आणि माझं वेगळं, त्यामुळे माझ्या वहीत जी यादी झाली ती अशी काहीतरी: पहिला, हिरवं सफरचंद, बरोबर, ॲसिटाल्डिहाइड. दुसरा, भुट्टा उकडतोय, डायमिथाइल सल्फाइड. तिसरा, लवंग. मी ताबडतोब "क्लोव्ह" म्हटलं, बाकीचे अजून "मसाल्यासारखं... औषधी..." करत होते. अहो, आमच्याकडे दात दुखला की लवंग, खोकला झाला की लवंग, भातात लवंग! चौथा, हॉस्पिटलात ड्रेसिंग करतात तो वास: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला विसरलं की हा येतो. पाचवा, पिकून काळं पडलेलं केळं. सहावा अगदी कपाटात राहिलेल्या ओल्या मोज्यांचा, तो आपल्या बॉइज हॉस्टेलच्या जिन्यात फुकट मिळतो.

सातव्याला मी थांबले. लोणी. घरचं कढवायला ठेवलेलं नाही, मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवरचं. डायअॅसिटिल.

मी मामाकडे बघितलं. तो तोच ग्लास नाकाशी धरून होता आणि कागदावर त्याने लिहिलं होतं, "काही नाही." त्याने पुन्हा वास घेतला. पुन्हा. ग्लास तळहाताने झाकून, हलवून, परत. "ह्यात खरंच काही नाहीये," तो म्हणाला.

शिकवणाऱ्यांना ह्यात नवल वाटलं नाही. काही लोकांच्या नाकाला हा वास फारच कमी कळतो, म्हणे. जसं रंगांधळेपण. पण मामाचा चेहरा उतरला. कारण त्याने स्वतःची एक बिअर परीक्षणाला दिली होती.

परीक्षण ५० मार्कांचं असतं: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, आणि एकूण परिणामाला १०. चार वाजता कागद मिळाले. मामाला २७. खाली बारीक अक्षरात: लोण्याचा वास ठळक, बाकी रचना चांगली. मामा आठ वर्षं बिअर करतोय. आठ वर्षं मित्रांना पाजतोय. कोणीच बोललं नव्हतं.

आपल्याकडे असं काही झालं की आधी अपमान होतो आणि मग चर्चा. तिथे परीक्षक खुर्ची ओढून मामाच्या शेजारी बसले आणि प्रश्न विचारायला लागले. कितव्या दिवशी थंड केलीस? पाचव्या. का? पाहुणे येणार होते. त्यावर त्यांनी जे समजावलं ते असं: यीस्ट काम करताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याला स्वतःला वास नसतो. त्याचं हळूहळू डायअॅसिटिल होतं. तेच यीस्ट, उपाशी आणि उबेत असेल तर, ते डायअॅसिटिल परत आत घेऊन संपवतं. म्हणजे आपला पसारा आपणच आवरतं. पण तेवढे दोन-तीन दिवस द्यायला हवेत, आणि तापमान दोन अंश वर. तुम्ही घाईने थंड केलंत की यीस्ट झोपतं आणि पसारा तसाच राहतो. आणि तपासायचं कसं? थोडा नमुना काढा, झाकून ६० अंशांवर वीस मिनिटं ठेवा. लपलेलं जे असेल ते उष्णतेने बाहेर येतं. थंड करा, न तापवलेल्या नमुन्याच्या शेजारी ठेवून वास घ्या. लोणी आलं तर थांबा.

"पण मला वासच येत नाही," मामा म्हणाला.

परीक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. "तिला येतो."

निघण्याआधी एक प्रकार झाला तो सांगते, कारण तो आपल्या सगळ्या 'टेक्निकल पेपर'वाल्यांनी ऐकण्यासारखा आहे. एका गृहस्थांनी दोन घाणे आणले होते, एक साध्या पाकिटातल्या सुक्या यीस्टचा, एक महागड्या द्रवरूप यीस्टचा. महागडा कितीतरी सरस, असा त्यांचा दावा. मग बारा जणांना प्रत्येकी तीन ग्लास दिले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगा. (वासाने चालेल म्हणून मीही बसले.) बारांपैकी सहा जणांनी बरोबर ओळखला. गृहस्थ खूष, निम्म्यांनी ओळखला! यीस्टवाल्या बाई म्हणाल्या, थांबा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांत एक बरोबर येतो, म्हणजे बारांत चार नुसत्या नशिबाने. सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता नशिबानेही सतरा-अठरा टक्के आहे. निदान आठ आले असते तर मी मानलं असतं. गृहस्थांनी खांदे उडवले, वहीत "६/१२, सिद्ध नाही" असं लिहिलं आणि सगळ्यांना ग्लास भरून दिले. मी ओळखणाऱ्या सहांत होते, पण आता त्याचा अभिमान बाळगायची सोय राहिली नाही.

ट्रॅममध्ये मामा गप्प होता. स्टेशनवर उतरून चालताना एकदम म्हणाला, "ताईचं नाक आलंय तुला."

मग त्याने सांगितलं. रात्री आजोबा यायचे तेव्हा कडी वाजायच्या आधी, गल्लीच्या तोंडाशी असतानाच आईला वास कळायचा. ती पुस्तकं उचलायची, मामाला उठवायची आणि शेजारच्या काकूंकडे पाठवायची. कधी कधी म्हणायची, आज नको जाऊस, आज नुसता घामाचा वास आहे. तिचं कधी चुकलं नाही. "मला कधीच काही कळायचं नाही," मामा म्हणाला. "मी विचारायचो, तुला कसं कळतं? ती म्हणायची, तू झोप."

आजोबा हातभट्टीची प्यायचे. कुठे गाळलेली, कशात काय मिसळलेलं, कुणाला ठाऊक. असल्या दारूत पैशासाठी कारखान्यातलं मिथेनॉल मिसळतात आणि माणसं मरतात. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर लोक गेले ते ह्यानेच. मामा म्हणाला, "बाबा काय पीत होते ते त्यांना कधी माहीत नव्हतं. किती पीत होते तेही." त्याच्या गॅरेजमध्ये प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते: तारीख, सुरुवातीची घनता, शेवटची घनता, टक्के. १.०५० वरून १.०१० वर आली म्हणजे फरकाला १३१ ने गुणायचं, सव्वापाच टक्के. दुधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा भाऊ शोभेल असा हायड्रोमीटर त्याने खोक्यात कापूस घालून ठेवलाय. शनिवारी एक ग्लास, कधी तोही नाही. मला हे आधी नुसतं सॉफ्टवेअरवाल्याचं वेड वाटायचं.

मी त्याला विचारलं, मग करतोसच कशाला? सोडून दे ना. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग किल्ली काढून दार उघडलं. ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आईच्या बाजूने विचार केला तर मला त्याचं गॅरेज आवडत नाही. त्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या बघितल्या की आवडतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही नवा घाणा टाकला. पाणी ७४ अंश, मिश्रण ६७.२ वर बसलं. यीस्ट मोजायला मायक्रोस्कोप नव्हता, बाईंनी क्लबचा पाठवला. पाचव्या दिवशी थंड करायची नाही म्हणून मी फ्रीजच्या प्लगवर मराठीत चिठ्ठी लावली, "हात लावशील तर बघ." आठव्या दिवशी, रविवारी, दोन ग्लास, एक तापवलेला, एक साधा. नेमका तेव्हाच आईचा कॉल आला. मामाने फोन माझ्याकडे दिला आणि स्वतः बाहेर जायला लागला. मी फोन शेल्फवर उभा केला, गॅरेज दिसेल असा.

आई काही बोलली नाही. उठूनही गेली नाही. मी दोन्ही ग्लासांचा वास घेतला आणि सांगितलं, तापवलेल्यात किंचित आहे. साध्यात नाही.

"किंचित म्हणजे आहे," आई म्हणाली. "अजून दोन दिवस थांबा."

आम्ही तीन दिवस थांबलो. बाटल्या भरायच्या आत माझी परतीची फ्लाइट होती, त्यामुळे ती बिअर मी पाहिलीसुद्धा नाही. मामाने ती ऑक्टोबरच्या बैठकीला नेली. ३६ मिळाले, वासाला बारांपैकी नऊ. मार्कांच्या कागदाचा फोटो त्याने आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर सहा वर्षांत 'बिअर' हा शब्द आलेला नव्हता, नुसते गुड मॉर्निंग आणि वाढदिवस. दुपारपर्यंत कुणाचाच रिप्लाय नाही. मी लेक्चरला होते, मोबाइल बेंचखाली.

मग आईचा मेसेज आला: "दिसण्याला तीनच मार्क?"